आधी स्प्रिंग जाते

आधी स्प्रिंग जाते.
नळीला कसलीच घाई नसते.
हे मला हाल्वोर्डने शिकवलं, कोंग्सबर्गच्या दुरुस्तीखोलीत,
बाहेर नदी काठापर्यंत गोठली होती तेव्हा.
जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करायची;
दोन वेटोळ्यांनी बुटकी भरली, की डब्यात.
मग एक्स्ट्रॅक्टरचं नख. मग लिंकची पिन.
पोलाद सुट्या भागांनी म्हातारं होतं.

या एप्रिलात चारशे बारा पिस्तुलं आली,
शेवटच्या तपासणीला.
प्रत्येकाच्या चापाला बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी.
बहुतेकांची गत एकच:
बाहेरची निळाई कडांवरून उडालेली,
होल्स्टरच्या कातड्याने वर्षानुवर्षं चाटलेली,
आणि आत नळी कोरी करकरीत,
चर कालच कापल्यासारखे.
कमरेला खूप हिंडली, बोलली क्वचित.
अशा एकाशी माझं लग्न झालं होतं.

एका चिठ्ठीवर गोळ्यांचा आकडा नाही.
नोंदवहीत एवढंच: गोठ्याखालून काढलं, दुधाच्या कॅनमधून,
युद्ध संपल्यावर.
मुठीच्या खाचेत चरबी अजून होती,
पिवळी, मेणासारखी. नखाने खरवडली
तर मेंढीचा वास आला.

स्लाइडला तडा नाही.
नळीमागची स्प्रिंग नव्यासारखी, म्हणजे झाडलेलं फार नाही.
पण घोड्याची स्प्रिंग
दोन नव्हे, तीन वेटोळ्यांनी बसलेली.
मी ती पुन्हा मापली. खिडकीपाशी नेऊन मापली.

न झाडता इतकी कशी थकेल?

चढवलेल्या घोड्यानिशीच पुरलं असणार.
खड्डा खणणाऱ्याला वाटलं असेल,
परवा, फार तर तेरवा लागेल.
वर गायी रवंथ करत राहिल्या,
बर्फ पडला, वितळला, पाच वेळा,
आणि खाली अंधारात, चरबीत,
ती एकटी दाबून धरत होती.

हाल्वोर्ड असता तर म्हणाला असता,
बाई, कॉफी गार होते आहे.

हुकूम ओस्लोचा आहे: सगळी भट्टीत.
तरी मी नवी स्प्रिंग घातली, तेल दिलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
अजून वीस हजार गोळ्या सहज.
खाली सही. ओडलाउग टी.
जुनी स्प्रिंग एप्रनच्या खिशात टाकली,
मग नव्या स्प्रिंगवर घोडा एकदा चढवून पाहिला,
आणि अंगठ्याखाली धरून
हळूच
उतरवला.