तीन सूत

कुर्ल्याला, सीएसटी रोडवर, पत्र्याच्या चौथ्या गाळ्यात
गोणपाटावर सात कॅलिपर मांडले होते,
ओळखपरेडला माणसं उभी करतात तसे.
सगळे तेलकट. सगळे निर्दोष.
इलियास म्हणाला, "बाजी, सब ओरिजिनल. ट्रायम्फ का माल."
इलियासभाई, गेल्या महिन्यात तुमच्याकडे
टेम्पोचा आरसासुद्धा ट्रायम्फचाच होता.

मी पर्समधून नट काढला.
तीन सुताचा, इंग्रजी आट्याचा,
पास्कोलकाकांच्या गाडीच्या कुजक्या पाइपावरून उतरवलेला.
पहिल्यात तो गेलाच नाही.
दुसऱ्यात गेला.
गेला म्हणजे, शिरला,
आगंतुक पाव्हण्यासारखा, चपला न काढता.
हा दहा मिलिमीटरचा, नंतरच्या सालातला.

इथंच माणूस फसतो.
न जाणारा आटा प्रामाणिक असतो.
जो जातो, किंचित डुलतो, बसल्यासारखा वाटतो,
त्याचा भरवसा पहिल्या उतारापर्यंत.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे;
आमच्या धंद्यात अर्ध्या मिलिमीटरवरूनही गाठता येतो.

तिसरा आणि पाचवा उचलला. घासाघीस केली, जिंकले,
माझगावला शेडमध्ये येऊन टेबलावर ठेवले
तर दोन्ही डावे.
सव्वीस वर्षं ब्रेकचं काम करते मी.
हवा काढायची निपल वरच्या अंगाला हवी,
उजवीकडे डावा लावला की ती जाते खाली,
हवा वरती अडून बसते, पेडल लोण्यात बुडतं,
हे शिकाऊ पोरांना मीच ओरडून सांगते.
दुसऱ्या दिवशी गेले परत.
इलियासने बदलून दिला, चहाही पाजला,
आणि हसला नाही, हे जास्त लागलं.

मग घासणं.
वरचा गंज खाऱ्या हवेचा, तो तारेच्या ब्रशला घाबरतो.
आतला वेगळा. ब्रेकचं तेल पाणी पितं,
झाकण लावलेलं असलं तरी पितं,
आणि एका पावसाळ्यात जेवढं प्यायलं
ते वीस वर्षं पिस्टनला चाटत बसतं.
पिस्टन हवेच्या दाबाने उडवू नये.
माझ्या डाव्या करंगळीचं नख त्याला साक्ष आहे.
ग्रीसगन लावायची, पंप मारत राहायचं.
ग्रीसला घाई नसते.
चौथ्या दिवशी, दुपारी, "टक".

पिस्टन देवीच्या व्रणांचे. नवे चार
रे रोडच्या गजाभाऊंकडून कातून घेतले, स्टेनलेसचे.
सील मात्र नवीच, चौकोनी काठाची.
तिच्याइतकं शहाणं गाडीत काही नाही:
पेडल दाबलं की पिस्टनबरोबर जराशी वाकते,
सोडलं की आपल्या जागी येते,
आणि येताना त्याला केसभर मागे ओढते.
आत स्प्रिंग नाही, काही नाही.
रबराची सवय, बस.

गाडी माथारपाखाडीत, लाकडी जिन्याखाली,
एकतीस वर्षं ताडपत्री पांघरून.
कॅलिपर बसवताना पास्कोलकाका स्टुलावर बसून होते.
म्हटलं, आता भंडारवाड्याच्या उतारावर न्या, बघा.
ते म्हणाले, "विकली गो बाय.
नाशिकचा पोर हाय, चोवीस वर्सांचा.
पलवनार तो. पलवू दे.
थांबली पायजे."

मी पाना घासत राहिले, तो स्वच्छच होता.

शेवटी हवा काढायला दोघं लागतात.
ते आत, स्टिअरिंगवर. मी खाली, बाटली आणि नळी घेऊन.
दाबा. "दाबला." धरा. "धरला."
निपल उघडली, बुडबुडे आले, मिटली. सोडा.
दाबा. धरा. सोडा.
सहाव्या खेपेला नळीतून नुसतं तेल,
मधासारखं, एकसंध.
"हाय का अजून हवा?" वरून विचारलं.

नळीत काही नव्हतं.
म्हटलं, आहे थोडी. दाबा.