नमुना क्रमांक एकोणतीस

बाहेर सेहेचाळीस, फ्रीजरमध्ये उणे ऐंशी.
जळगावच्या मे महिन्यात
माझी बोटं थंडीनं बधिर.

नळीत तीन मिलिलिटर.
दुर्बीण आत गेली तेव्हा
गर्भाशयामागच्या खोलगट जागेत साचलेलं पाणी.
रंग फिक्या चहाचा.
नाव लिहायचं नसतं. इथेही लिहीत नाही.
सावद्याची, वय चौतीस, एवढंच.

फॉर्म मीच भरून घेतला होता.
दुखणं कधीपासून?
"पह्यल्यापासून. माय म्हने, असंच राह्यतं."
एकवीस वर्षं. रकान्यात दोन अंक मावतात.
मावले.

एक ते दहामध्ये किती?
"कशाच्या मानानं?"
मागे रांग होती. मी आठ लिहिलं.
ती आठ म्हणाली नव्हती.

मग तिलाच समजावत बसले:
आतलं अस्तर बाहेर रुजतं, दर महिन्याला तिथंही रक्त येतं,
शरीराचे राखणदार धावतात, प्रथिनं सोडतात,
ती मोजायची आहेत आम्हाला,
कारण राखण करता करता तीच
त्या अस्तराला नव्या रक्तवाहिन्या फोडून देतात, बहुधा.
तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"केयीले पिलं फुटता ना, तसं.
कोयत्यानं उडवले तरी फुटता, कंद खालीच राह्यतो.
अन् तुमी म्हनता,
कापाले लावलेले मजूरच खत टाकून जाता."

हो, म्हटलं. माझ्या प्रबंधात
हे चार पानं घेतं.

आज प्लेट लावली. शहाण्णव खळगे.
निळं चढत गेलं, आम्लाचा थेंब पडताच पिवळं;
पिकवणीच्या खोलीत घडाला चार दिवस लागतात
तेवढं, एका श्वासात.
दुपारी लाइट गेली. जनरेटर खोकला, लागला.
इंटरल्यूकिन सहा: अठ्ठावीस, वाचता येतो.
तीस, वाचता येतो.
एकोणतीससमोर यंत्रानं आकडा दिलाच नाही.
मर्यादेबाहेर. पातळ करून पुन्हा तपासा.

एकास दहा केलं.
पुन्हा तेच.
एकास पन्नास केलं तेव्हा कुठं
ती आमच्या रेषेवर उतरली.

संध्याकाळी फाइल काढली.
आठ खोडता येत नाही, नियम आहे.
शेजारी पेन्सिलनं, बारीक,
तिचाच प्रश्न लिहून ठेवला.