हरिपूरचं रीळ

चौगुल्यांच्या नातवानं मोबाइल पुढं धरला तेव्हा
खुर्चीत गिऱ्हाईक होतं, माझ्या दातांत दोरा.
"मावशी, यातली एक तुमच्यातली आहे म्हणतात."

त्याच्या आजोबांनी आफ्रिकेहून आणलेला कॅमेरा,
रंगीत रीळ, आवाज नाही.
हरिपुरात पेव उघडलंय,
तोंडाशी बायका हळद निवडत बसल्यात.
कुणी पदर ओढतंय, कुणी दात लपवतंय.

बाळाक्का. आईची थोरली मावशी.
घरात तिची ओळख एवढीच : काळी म्हणून राहिली.
शेवंताच्या लग्नातल्या काळ्यापांढऱ्या फोटोत
ती मांडवाच्या खांबात मिसळून गेलीय,
डोळे तेवढे दोन.
धाकटी शेवंता मधोमध, पिठासारखी उजळ.

इथं उलटंच झालंय.
उन्हानं शेवंताचं नाक, ओठ, सगळं खाल्लंय,
उरलाय नथ घातलेला एक पांढरा डाग.
आणि बाळाक्का
कपाळावर हिरवं गोंदण, एकमेकींना भिडलेल्या भुवया,
ओठावर लव, कोपरापर्यंत हळद,
घागर चिंचेनं घासल्यावर येतो
तो रंग.
कॅमेरा तिच्यावरून पुढं सरकतो.
परत येतो.
अकरा सेकंद. मी मोजले.

"अय्या, काय भुवया!" खुर्चीतली म्हणाली,
"हल्ली अशाच जाड ठेवतात."
आणि लगेच, "ताई, माझं अप्पर लिप राहिलं."

पंचवीस वर्षं मी बाळाक्कालाच उपटतेय,
विश्रामबागच्या पोरींच्या तोंडावरून,
चिमटीचिमटीनं.
वर हळदीचा लेप. उजळपणासाठी, शंभर रुपये जादा.
तिला तर जन्मभर हळद लागली,
नवरीची तेवढी सोडून.

शेवटी शेवटी रीळ बिघडलंय.
आधी निळा उडाला म्हणे, मागोमाग पिवळा.
हरिपुरात, पिवळा!
कृष्णा गुलाबी, बैल गुलाबी, मुकादमाचा पटका,
शेवंता, बाळाक्का, हळदीची रास,
सगळं एकाच औषधाच्या बाटलीतनं काढल्यासारखं.

त्यातच ती मान वर करून काहीतरी बोलते.
थेट कॅमेऱ्याला.
मी चार वेळा मागं नेऊन ओठ वाचले.
एवढं लागलं :
"सर की बाजूला.
निवडायला दिसंना."