अक्षराला पन्नास

असोळण्याच्या पुलाजवळ, साळ नदीच्या काठाला
माझं दुकान : पत्र्याचं छप्पर, दोन ग्राइंडर, एक स्टूल.
मी थडग्यांवरची नावं कोरतो.
अक्षराला पन्नास रुपये. क्रूस फुकट.

एर्मेलिंदाबाय आली तेव्हा भरती होती.
मडगावच्या हायस्कुलात इतिहास शिकवून रिटायर,
छत्री काठीसारखी टेकत म्हणाली,
सोयरू, माझी फरशी आताच कर,
मागाहून भाचे स्पेलिंग चुकवतील.

एर्मेलिंदा गोन्साल्विस.
रोमीत नावाची नऊ, आडनावाची नऊ.
नऊशे होतील बाय, महाग नाव आहे.
फार लांबून आलंय रे, ती म्हणाली,
आणि स्टुलावर बसली.

मी छिन्नीला धार लावत होतो.
अर्धं ऐकलं, अर्धं दगडाच्या आवाजात गेलं.

डॅन्यूब नावाची नदी.
पैलतीरावर रोमचे शिपाई,
ऐलतीरावर गॉथ :
मागून हूण गावं पेटवत आलेले,
पुढे पावसाने फुगलेलं पाणी.
बायका, बैल, गाड्या, फडक्यात बांधलेले लाकडाचे देव.
बादशहाने कळवलं, येऊ द्या,
फौजेत माणसं कमी आहेत.
होड्या, ओंडके, पोखरलेली खोडं.
मोजायला बसवलेल्या कारकुनांनी
मोजणं सोडून दिलं.

(आमचा देवही असाच
रात्री होडीतून पलीकडे नेला होता.
बापाने सांगितलेलं.
मी काही बोललो नाही.)

मग भूक.
मग अधिकाऱ्यांनी कुत्री गोळा केली.
एक कुत्रं घ्या, एक पोर द्या.
हा भाव होता, सोयरू.
रोमच्याच माणसाने लिहून ठेवलाय.

माझा लंगडा मोती तिच्या पायाशी झोपला होता.
तिने पाय हळूच बाजूला घेतले.

दोन वर्षांनी, ऑगस्टच्या उन्हात,
त्याच माणसांनी बादशहाला असा गाठला
की प्रेतही सापडलं नाही.
आणखी बत्तीस वर्षांनी रोमचा दरवाजा.
तो आतून उघडला म्हणे, गुलामांनी.
कुत्र्याच्या भावाने गेलेली पोरं
तोवर चाळिशीची झाली असतील,
हे पुस्तकात नाही. हे मी वर्गात म्हणायची.

पुढे ती पश्चिमेला सरकली,
समुद्र लागला तेव्हा थांबली.
नांगर धरला, लॅटिनमध्ये प्रार्थना शिकली, भाषा विसरली.
नावं तेवढी उरली.
रिक म्हणजे राजा. गुंद म्हणजे लढाई.
हजार वर्षांनी ती नावं जहाजात बसली
आणि आमच्या बंदराला उतरली.
इथेही नदी होती. इथेही कारकून होता, वही उघडून.
रांगेतल्या कुणा माझ्या पणज्याच्या पणज्याच्या
डोक्यावर पाणी पडलं
आणि सकाळी निघालेला माणूस
लढाई होऊन जेवायला घरी आला.
गुंद हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता.

त्या आधी काय नाव होतं, बाय?

ती नदीकडे बघत राहिली.
गावकारीच्या जुन्या वहीत पान आहे.
वाळवीने खाल्लंय, नेमकं तेच.
मग हसली : आणि अक्षरं बघ,
हरलेल्या रोमचीच राहिली.

मी पहिला ई धरला.
उभी रेघ, मग तीन आडव्या.
मधली जरा आखूड ठेवावी लागते, डोळ्याला बरी दिसते.
पांढरी धूळ तिच्या काळ्या चपलांवर बसत गेली.

निघताना म्हणाली,
नावाखाली एक ओळ रिकामी ठेव.
तिचे किती?

रिकामीचे कसले पैसे, बाय.
पॉलिश मात्र जास्त लागतं,
काही नसलं की ओरखडे दिसतात.

तिने नऊशे मोजून दिले.
वर पन्नासची एक नोट,
घडी घालून, दगडावर, छिन्नीखाली.
ओहोटी लागली होती.