बिनकण्याचं

वर्धा रोडवरचं ते हॉटेल बंद झालं
तेव्हा खुर्च्या गेल्या, भट्टी गेली, पाटीसुद्धा गेली.
चार फुटांची टाकी कोणी घेईना.
मी घेतली. सोबत एक बादली,
ओल्या पोत्यात गुंडाळलेले
सात-आठ भोकाभोकांचे दगड.

कुंदा म्हणाली, काऊन हो?
मी म्हटलं, समुद्र करतो.
ती म्हणाली, करा. पण आधी कूलरची मोटर करा.

गोकुळपेठेतल्या थूलचं म्हणणं सरळ आहे:
नुसते मासे ठेवा.
दिवा साधा चालतो,
पाणी जरा बिघडलं तरी मासा लगेच रागावत नाही,
आजारी पडला तर तांब्याचं औषध,
आठवडा-दोन आठवड्यांत टुणटुणीत.
पोवळं म्हणजे – थूल आधी दाराकडे पाहतो, मग माझ्याकडे –
पोवळं म्हणजे लहान मूल, साहेब,
तेही दुसऱ्याचं.
त्याला ऊन हवं, उकाडा नको,
चुना हवा, पण मोजून,
आणि तांबं तर नाहीच.
ज्याला कणा नाही ते तांब्यानं मरतं.

दोन्ही ठेवता येतील का?
येतील की. पण ही पिवळी फुलपाखरी पाहता ना,
तुम्ही मघापासून जिच्यासमोर उभे आहात,
ती पोवळं खाते.
तिचं तोंडच त्यासाठी तेवढं लांब.

मी कळमन्यात संत्र्यांना थंड ठेवतो.
सव्वीस वर्षं. कॉम्प्रेसरचा आवाज बदलला
की झोपेतून उठतो.
बाहेर सत्तेचाळीस, आत पाच,
या फरकावर माझं घर चालतं.
चिलर मी करीन, जुन्या वॉटरकूलरचा.
अवघड ते नाही.
अवघड हे, की मे महिन्यात दुपारी लाईट जाते
आणि सव्वीसचं तीस व्हायला
एक जेवण आणि एक डुलकी पुरते.
मग पोवळं आतला रंग बाहेर टाकतं,
पांढरं होऊन बसतं.
रुसल्यासारखं नाही. संपल्यासारखं.

आमच्या घरात पोवळं एकदाच आलं,
बाबांच्या अनामिकेत,
इतवारीतून घडवून आणलेलं, मंगळासाठी.
गिरणी बंद झाली तरी त्यांनी अंगठी काढली नाही.
मंगळ हलला नाही, गिरणीही नाही.
बोट सुजलं, तेव्हा आईनं साबण लावून ओढली.
मी त्याला खडा समजायचो.
ते कधीकाळी
पाण्याखाली कोणाचं तरी घर होतं
हे ज्योतिषानंही सांगितलं नाही.

पाचवा आठवडा. टाकीत मीठ, पाणी, दगड
आणि पंपाची घुरघुर.
शेजारचे रामटेककर येतात, खुर्ची ओढतात,
विचारतात, मासे कुठं आहेत?
कुंदा म्हणते, यायचंच ठरत नाहीये अजून,
कोण येतं ते.

काल रात्री लाईट गेली. टॉर्च मारला.
एका दगडाच्या भोकातून
काडीच्या गुलाएवढं काहीतरी बाहेर आलं,
तपकिरी, पिसाऱ्यासारखं
उघडलं,
उजेड लागताच आत गेलं.
त्या हॉटेलच्या शेवटच्या दिवसांतून,
बादलीतून, पोत्यातून,
माझ्या स्कूटरच्या पायठेवणीवरून आलेलं.
कोणी न बोलावलेलं. बिनकण्याचं.

मी टॉर्च विझवला.
कुंदाही उठली होती, हातात पुठ्ठा, वारा घेत.
तो पुठ्ठा थांबला.
अंधारात दोघं उभे राहिलो,
ते परत येतं का पाहत,
म्हणजे काहीच न पाहत.

सकाळी तांब्याची बाटली थूलला परत केली.
सील तोडलं नव्हतं, तरी अर्धेच पैसे म्हणाला.
आणि तेही हातात ठेवले नाहीत.
म्हणाला, थर्मामीटर न्या.