कलम तीन

सोहारच्या मासळीबाजारामागे परकारांचं टायपिंग सेंटर,
दोन्ही गटांना चालेल अशी हीच एक जागा उरली होती.
धारपांच्या व्हिलावर तांडेल पाय ठेवणार नाहीत,
तांडेलांच्या घरी धारप चहा घेणार नाहीत,
आणि मी, मंडळाचा चिटणीस, गेले सतरा दिवस
एकाची वाक्यं दुसऱ्याकडे गाडीतून नेतो आहे,
वाटेतल्या प्रत्येक राउंडअबाउटवर एखादा शब्द सांडत.
मुद्दाम.

महासंघाचं पत्र रमजानच्या आधी आलं:
आखातातल्या बाकीच्या मंडळांसारखं आत यायचं असेल
तर घटना सुधारा.
हिशेबतपासनीस बाहेरचा.
अध्यक्ष दोनदाच.
आणि कलम तीन.

हिशेबांवर चार रात्री गेल्या.
दोन हजार नऊच्या नाट्यमहोत्सवातले तीनशे रियाल
कुठल्या विंगेतून गेले
हे उकरून झालं, झाकून झालं, पुन्हा उकरून झालं.
शेवटी धारप म्हणाले, "पुढचं सगळं दाखवू. मागचं देवाला ठाऊक."
तांडेल म्हणाले, "मग त्यालाही वाउचरं मागा,"
आणि सही केली.

दोनदाच अध्यक्ष, हे सोपं गेलं.
दोघांनाही दुसऱ्याची तिसरी खेप नको होती.

कलम तीनवर मात्र भांडण झालंच नाही.
तिथे मला भीती वाटली.
"सभासद म्हणजे सोहार परिसरात
कुटुंबासह राहणारी मराठीभाषक व्यक्ती."
महासंघ म्हणतो, कुटुंबासह हा शब्द काढा.
सोळा वर्षांत पहिल्यांदा धारपांनी तांडेलांकडे सरळ पाहिलं
आणि दोघांनी एकदमच चष्मे पुसायला घेतले.
"कॅम्पातली पोरं चांगलीच आहेत हो."
"चांगलीच. प्रश्न तो नाही."
"बायकामुली असतात कार्यक्रमाला."
"मी तरी दुसरं काय म्हणतोय?"
मी इतिवृत्ताची वही उघडून बसलो.
एकमत झालं होतं. लिहवेना.

दाराबाहेर सिद्राम कांबळे उभा,
अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला.
दर भाद्रपदात मांडव तोच उभा करतो;
परांचीच्या नळ्या सुतळीने कशा आवळायच्या
हे दोन्ही पॅनेलांना त्यानेच शिकवलं.
आज खुर्च्या न्यायला आला होता.
आत कशावर चाललंय, त्याने विचारलं नाही.

परकार एका बंगाली सुताराचा अर्ज टाइप करत होते.
मान न वळवता म्हणाले,
"अख्खा शब्द कशाला काढता? नुसतं 'सह' काढा.
'साठी' घाला."

कुटुंबासाठी राहणारी.

एसीचं पाणी बादलीत टपकत राहिलं.
धारपांना वाटलं, शब्द तर राहिला.
तांडेलांना वाटलं, शब्द तर गेला.
आणि मला आठवलं, धारपवहिनी मुलांना घेऊन
करोनात पुण्याला गेल्या त्या तिथेच आहेत,
म्हणजे जुन्या कलमाने धारप स्वतः
कधीचेच सभासद नाहीत.
मी बोललो नाही.
त्यांनाही आठवलं असावं.
पहिली सही त्यांनी केली, तारीख चुकवून.

सभेत एकसष्टपैकी त्रेचाळीस हात.
हवे होते एक्केचाळीस.
उरलेले अठरा उठून गेले, त्यातले सात समोसे घेऊन.
महासंघाचा होकार अजून यायचाय;
पान चारवर ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका काढल्यात त्यांनी.

शुक्रवारी सिद्रामने फॉर्म भरला, मांडीवर धरून,
तीन रियाल सुटे मोजून.
फॉर्म जुनाच. नवा छापायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.
"सोबत राहणाऱ्यांची नावे व नाते" या रकान्यात
त्याने अकरा नावं लिहिली,
चार तेलुगू, एक नेपाळी,
आणि नात्याखाली प्रत्येक वेळी: खोली चौदा.
जागा पुरली नाही
तेव्हा कागद उलटून पुढे लिहीत राहिला.