एक युनिट

भाऊच्या धक्क्यावर सहा चाळीस.
सुंठ टोपलीत, टोपली मांडीवर.
थर्मासात बर्फ, बर्फावर नॅपकिन,
नॅपकिनात स्टीलची डबी, डबीत ती बाटली.
बर्फाला चिकटली तर औषध मेलं,
असं डॉक्टर मिस्किटांनी दोनदा सांगितलं
आणि मी दोनदा लिहून घेतलं
दुकानाच्या बिलबुकाच्या पाठीवर.

अकरा दिवस झाले.
आधी वाटलं, उन्हाळा आहे, म्हणून पाणी पिते.
मग मोरीच्या बादलीत तोंड, मग कुंडीखालच्या ताटलीत,
मग नळाखालीच बसून राहायची
पाणी जाईपर्यंत.
पाठीचे मणके बोटांना मोजता यायला लागले
तेव्हा टॅक्सीत घातली.
"साखर," मिस्किटा म्हणाले. "चारशे ऐंशी."
मी म्हटलं, हिनं जन्मात गोड खाल्लेलं नाही.
ते म्हणाले, तसं नसतं ते.

बाटली हलवायची नाही, तळव्यांत लोळवायची.
खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलायची.
एक युनिट. मोहरीएवढं.
बारा तासांनी पुन्हा.
खाल्लं नाही तर टोचायचं नाही.
लटपटली तर हिरड्यांना मध, आणि फोन.
आणि, हे त्यांनी पेन खाली ठेवून सांगितलं,
टोचलं गेलं की नाही अशी शंका आली
तर पुन्हा टोचायचं नाही.

दारूखान्यात बेअरिंगं विकणारी माझी बोटं.
पार्टनर हरमळकर म्हणाला, ठेवून जा की दोन दिवस,
काही झालंच तर सुंठीवाचून खोकला गेला.
स्वतःच्याच विनोदावर हसला.
मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

सात वाजले. लाँच सुटली.
सुंठ खात नाही.
उकडलेली कोंबडी, डब्याचं झाकण, माझं बोट,
कशालाच नाक लावत नाही.
इंजिनाबरोबर टोपलीची एक काडी वाजत राहते.
क्रेन मागे पडल्या, तेलाच्या टाक्या मागे पडल्या,
सात दहा.
समोर रिकाम्या पाट्या घेऊन रेवसला परत निघालेली बाई
बराच वेळ बघत होती.
"आजारी हाय का?"
डायबिटीस, म्हटलं.
ती हसली नाही.
"माझ्या सासूचा अंगठा गेला त्यानं," म्हणाली,
आणि पाटीच्या तळातून राहिलेली एक मांदेली काढून
नखानं काटा ओढून
जाळीतून आत सरकवली.

खाल्ली.
डोळे मिटून, मान वाकडी करून, शेपटासकट.
बाईनं दुसरी दिली.

मग मी बाटली लोळवली, रेघ उजेडात धरली,
तंबू उचलला,
आणि नेमकी बाजूनं दुसरी लाँच गेली.
सुई गेली. कुठे गेली, देव जाणे.
बोट ओलं लागलं.
केसांत? कातडीत? समुद्राचं पाणी?
इन्शुलिनला नव्या बँडेजपट्टीचा वास येतो म्हणतात.
हुंगून पाहिलं. मांदेली.
पुन्हा टोचायचं नाही.

चोंढीला आई. गुरुवारी तिचा मोतीबिंदू.
काल फोनवर सुंठीची हकिगत ऐकून
"एकच युनिट?" म्हणाली, जराशा तोऱ्यात. "मला बावीस."
मग थोड्या वेळानं,
पेनावरचे आकडे दिसत नाहीत रे हल्ली.
कानानं मोजते. टक, टक, टक.
आणि मधेच दूधवाला आला तर?
"तर काय. अंदाजानं."
कधीपासून?
"शिमग्यापासनं."

पलीकडचा धक्का दिसायला लागला.
सुंठ पंजा चाटतेय, बाई तिच्याकडे बघत
पाट्या एकात एक घालतेय.
बिलबुक उलटं करून मी दोन रकाने पाडले.
सुंठ : सात अठरा, एक युनिट, प्रश्नचिन्ह.
आईचा रकाना
जरा रुंद ठेवला.